न्यूयॉर्क सबवेची फिरती पाटी घरी चालू करताना: आधी पडदा, मग खोका

न्यूयॉर्कच्या जुन्या सबवे गाड्यांवरच्या पाट्यांचे पडदे आता अनेकांच्या घरात येऊन पडलेत. कुणी न्यू जर्सीत असताना जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतला, कुणाच्या मुलीने सुटीवर येताना सुटकेसच्या तळाशी घालून पुण्याला आणला. पुढची गोष्ट मात्र सगळीकडे एकच. सुताराकडून देखणा खोका करून घेतात, आत दिवा लावतात, घाईघाईने पडदा चढवतात. चार वेळा हँडल फिरवलं की पडदा एका बाजूला सरकतो, कड फाटते, आणि पाटी एकाच नावावर कायमची थांबते.

यात सुताराचा दोष नसतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. खोक्याची मापं पडदा ठरवतो, म्हणून पडद्याची पूर्ण ओळख झाल्याशिवाय लाकूड कापायचं नाही.

यंत्रणा थोडक्यात अशी. वर एक रोलर, खाली एक रोलर, मधे लांबच लांब पडदा. पडद्यावर एकाखाली एक नावं छापलेली. समोर काचेची खिडकी, मागे दिवा. डब्यातला कर्मचारी आतून हँडल फिरवायचा, एक रोलर पडदा ओढून घ्यायचा, दुसरा सोडायचा. ज्यांनी बेस्टच्या जुन्या बसवरची हँडलने फिरणारी पाटी पाहिली आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. खरी मेख सोडणाऱ्या रोलरमध्ये आहे. तो सैल सुटला तर पडद्याला झोळ पडतो, घट्ट धरला तर पडदा फाटतो.

सामान जमवा

मऊ सुती कापड, सुती हातमोजे, मोजपट्टी, सुताराचा गुण्या, मऊ पेन्सिल, वही, पॉलिएस्टरची पातळ चिकटपट्टी आणि मदतीला एक माणूस. शेवटची गोष्ट ऐच्छिक नाही. एकट्याने पडदा उलगडायला गेलात तर तो मधेच गुंडाळी सोडतो आणि घडी पडते. ती घडी पुढे कधीच जात नाही.

न्यूयॉर्कला जाणं होणार असेल तर ब्रुकलिनमधलं ट्रान्झिट म्युझियम आधी बघून या. ते कोर्ट स्ट्रीट या बंद पडलेल्या स्थानकातच आहे आणि जुने डबे खालच्या फलाटांना लागून उभे आहेत. पाटीची पेटी खिडकीच्या वर कशी बसवलेली असते, काच आणि पडदा यांत किती अंतर असतं, हे फोटोत कळत नाही.

## १. हातात काय आलंय ते ओळखा

पहिली गफलत इथेच होते. आर-३२ किंवा आर-६८ सारख्या (ही डब्यांच्या मॉडेलची नावं) डब्यांच्या बाजूच्या पाटीत एक नाही, तीन पडदे असतात. एकावर फक्त मार्गाचं अक्षर, रंगीत गोलात. दुसऱ्यावर एका टोकाची अंतिम स्थानकं, तिसऱ्यावर दुसऱ्या टोकाची. तिन्ही वेगवेगळे फिरतात. बाजारात ते बहुतेक वेळा सुटे मिळतात. तुमच्या पडद्यावर नुसती अक्षरंच आहेत म्हणून अर्धा तुकडा गळ्यात मारला असं समजू नका, तो मार्गाचा पडदा आहे. गाडीच्या तोंडावरच्या पाटीचा पडदा आणखी निराळा असतो.

मग बघा, अक्षरं आहेत की आकडे. १ ते ७ हे आकडे जुन्या आयआरटी (इंटरबरो रॅपिड ट्रान्झिट) कंपनीच्या मार्गांचे. तिथले डबे अरुंद, सुमारे २.६७ मीटर रुंदीचे. अक्षरांच्या मार्गांवरचे डबे सुमारे ३.०५ मीटर रुंद, त्यामुळे एका जाळ्याचा डबा दुसऱ्यावर प्रवासी घेऊन धावत नाही. आकड्यांचा मार्ग-पडदा आणि अक्षरवाल्या मार्गांची स्थानकं अशी जोडी कुणी 'पूर्ण संच' म्हणून विकत असेल तर तो संच नव्हे.

⚠ भिंतीवर टांगायला छापलेली 'जुनी सबवे पाटी' ही वेगळीच वस्तू आहे. तिच्यावर स्थानकांची नावं एकाखाली एक दाटीवाटीने असतात. खऱ्या पडद्यावर दोन नोंदींमध्ये काळी जागा सुटलेली असते, कारण खिडकीत एका वेळी एकच नोंद दिसायची असते. नक्कल असेल तर फ्रेम करा आणि हा लेख इथेच सोडा.

## २. पडद्याची हजेरी घ्या

जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा. एकाने गुंडाळी धरायची, दुसऱ्याने रिकाम्या नळीवर हळूहळू गुंडाळत न्यायचं. एका वेळी दीड-दोन फुटांपेक्षा जास्त उघडा ठेवू नका. प्रत्येक नोंदीपाशी थांबा, फोटो काढा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: अनुक्रमांक, मजकूर, पडद्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये. पाठीमागे बारीक खुणा किंवा आकडे असतील तर तेही उतरवून घ्या.

हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. नावं वर्णानुक्रमाने असतील असं धरून चालू नका. ही यादी नसेल तर हवं ते नाव शोधायला दर वेळी अख्खा पडदा इकडून तिकडे न्यावा लागेल, आणि प्रत्येक फेरीला कडा थोड्या झिजतील.

हजेरी घेतानाच पडद्याचं वय कळतं. पुढे जोड्या जुळवताना हे वय लागणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवा.

एए, सीसी, जीजी, आरआर अशी दुहेरी अक्षरं असतील तर पडदा मे १९८५ च्या आधी छापलेला. दुहेरी अक्षर म्हणजे लोकल, एकेरी म्हणजे एक्स्प्रेस अशी ती पद्धत होती, ती त्या महिन्यात बंद झाली. तेव्हा एएचा के झाला, आणि के स्वतः डिसेंबर १९८८ मध्ये संपला. म्हणजे निळ्या गोलातला के दिसला तर तुमच्या हातात जेमतेम साडेतीन वर्षांच्या काळातला पडदा आहे. झेड अक्षर त्याच डिसेंबर १९८८ पासूनचं. ९ हा आकडा १९८९ ते २००५ एवढाच धावला. व्ही २००१ ते २०१०. डब्ल्यू २००१ मध्ये आला, २०१० मध्ये गेला आणि २०१६ मध्ये परत आला.

रंगही बोलतात. मॅनहॅटनमधल्या ज्या मुख्य मार्गावरून गाडी जाते त्याचा रंग, ही पद्धत १९७९ ची: आठवा ॲव्हेन्यू निळा, सहावा नारिंगी, ब्रॉडवे पिवळा, लेक्झिंग्टन हिरवा, सातवा लाल. त्याआधी, १९६७ पासून, प्रत्येक मार्गाला स्वतःचा रंग होता. त्यामुळे एखाद्या अक्षराचा रंग आजच्यासारखा नसेल तर तो चुकीचा छापलाय असं म्हणू नका, तो जुना आहे.

✔ तपासा: वहीतल्या नोंदींची संख्या आणि फोटोंची संख्या सारखी आहे का? नसेल तर एखादी नोंद निसटली. आत्ताच परत मोजा.

## ३. सफाई, आणि किती सफाई नको

जुने पडदे कापडाचे, नंतरचे पॉलिएस्टर फिल्मचे. दोन्हींचे नियम वेगळे.

फिल्म असेल तर कोरड्या मऊ कापडाने एकाच दिशेने पुसा. गोल गोल घासलं की स्थिर विजेने उलट जास्त धूळ चिकटते. फारच चिकट डाग असेल तर किंचित ओलं कापड, तेही आधी टोकाच्या रिकाम्या भागावर वापरून बघायचं. कापडी पडदा असेल तर फक्त मऊ कुंचल्याने धूळ झटका. त्यावरचा रंग म्हातारा झालेला असतो, पाणी लागलं की फुगतो आणि घडीवर तडकतो. थंडीच्या दिवसांत बाहेरून आणलेला कापडी पडदा लगेच उलगडू नका, एक दिवस घरात तसाच राहू द्या.

⚠ थिनर, ॲसिटोन, सॅनिटायझर, काच पुसायचा फवारा यांतलं काहीही वापरू नका. शाई निघते. आणि जुना रंग पॉलिश पेपरने घासू नका. त्यात शिसं असू शकतं.

फाटलेली कड मागच्या बाजूने पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीने जोडा. साध्या सेलोटेपने कधीच नाही. माझ्या पहिल्या पडद्याला मी तो लावला होता. उन्हाळ्यात त्याचा डिंक बाजूने पाझरला आणि गुंडाळीतले लागोपाठचे तीन वेढे एकमेकांना चिकटले. सोडवताना एका नावातली दोन अक्षरं दुसऱ्या नावाच्या पाठीवर गेली.

काळ्या भागात टाचणीएवढी छिद्रं असतील तर दिवा लावल्यावर ती ताऱ्यांसारखी चमकतात. मागून काळ्या ॲक्रिलिक रंगाचा एकेक ठिपका द्या आणि पूर्ण चोवीस तास वाळू द्या. मार्कर पेनाची शाई गुंडाळीत पुढच्या वेढ्यावर उमटते, तो मोह नको. मला विचाराल तर थोडे तारे असू द्यावेत.

## ४. रोलर: मापं कागदावर काढा

आता पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसा. घरगुती रोलरला बाहेरून ३२ मिलिमीटर व्यासाची कडक पीव्हीसी नळी चालते, पण ती सरळ हवी. जमिनीवर घरंगळवून बघा. डुगडुगली तर दुकानात परत.

नळी पडद्याच्या रुंदीपेक्षा ६ ते ८ मिलिमीटर जास्त लांब ठेवा. दोन्ही टोकांना चकत्या लावल्या तर त्या पडद्याच्या कडेला चिकटून नसाव्यात. चकतीला सतत घासणारी कड महिन्याभरात झालरीसारखी होते.

आता सगळ्यांना चकवणारी गोष्ट. समजा पडदा १० मीटर लांब आणि ०.१ मिलिमीटर जाड आहे. रिकाम्या ३२ मिलिमीटरच्या नळीचा घेर होतो साधारण १०० मिलिमीटर. अख्खा पडदा गुंडाळल्यावर तिचा व्यास ४८ च्या आसपास जातो आणि घेर १५० होतो. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात सुरुवातीला १० सेंटिमीटर पडदा सरकतो आणि शेवटी १५.

यातून दोन गोष्टी ठरतात. 'चार फेरे मारले की कोनी आयलंड' असं गणित कायम चालत नाही, म्हणून अंतराची यादी लागते. आणि दोन रोलर एकाच साखळीने किंवा पट्ट्याने घट्ट जोडायचे नाहीत. एक रोलर फेऱ्याला १५ सेंटिमीटर मागेल, दुसरा १० च देईल, आणि मधे बिचारा पडदा. हुशार सुतार ही साखळीची युक्ती हमखास सुचवतो. नम्रपणे नको म्हणा.

✔ तपासा: तुमच्या पडद्याची लांबी आणि जाडी घालून हे गणित स्वतः करा. भरलेल्या गुंडाळीचा व्यास निघाला की खोक्यात तेवढी आणि वर आणखी १५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची.

## ५. खोका आणि दिवा

आता सुताराकडे जा. प्लायवूड वापरा, एमडीएफ पावसाळ्यात फुगतं आणि रोलरची भोकं सरकतात. खिडकीची उंची वहीतल्या सर्वांत मोठ्या नोंदीइतकी ठेवा, त्याहून जास्त नको, नाहीतर शेजारच्या नावाची शेंडी डोकावते.

सगळा जीव रोलरच्या भोकांत आहे. दोन्ही बाजूच्या फळ्या एकावर एक ठेवून, शिकंज्यात आवळून, एकाच वेळी छिद्र पाडा. खोका जोडल्यावर दोन रोलरमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. फरक १ मिलिमीटरच्या आत हवा. मग खोक्याचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे नसतील तर खोका तिरका आहे. पडदा एका बाजूला सरकण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा इथे सापडतं.

दिव्यासाठी १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि १०० ते २४० व्होल्टवर चालणारा ॲडॉप्टर घ्या, म्हणजे न्यू जर्सीतलं एडिसन काय आणि नाशिक काय, दोन्हीकडे चालेल. पट्ट्या आणि पडदा यांच्या मधे दुधी ॲक्रिलिकची तावदानी हवीच. दोन पट्ट्यांमध्ये ४ सेंटिमीटर अंतर असेल तर तावदानी पट्ट्यांपासून किमान तेवढीच लांब ठेवा. जवळ आणली की पडद्यावर उजेडाचे पट्टे दिसतात. पांढऱ्या उजेडात थोडी पिवळसर झाक घ्या, निळसर उजेडात नारिंगी गोल आजारी दिसतो.

⚠ गाडीतून काढलेली मूळ पेटीच मिळाली असेल तर तिच्या जुन्या वायरी आणि होल्डर घरच्या विजेला जोडू नका. सबवेची वीज तिसऱ्या रुळातून, ६०० व्होल्ट डीसी. जुन्या डब्यांत दिवे एकामागे एक मालिकेत जोडून तिच्यावर चालवायचे. ती जोडणी पूर्ण काढून टाका.

✔ तपासा: पडदा न चढवता दिवा रात्रभर चालू ठेवा. सकाळी तावदानीला हात लावा. कोमटपेक्षा जास्त गरम वाटली तर पट्ट्या कमी करा किंवा वर-खाली हवेची भोकं पाडा.

## ६. पडदा चढवा

हातमोजे घाला, मदतनीसाला परत बोलवा. क्रम असा:

१) पडदा मुळात कोणत्या अंगाने गुंडाळलेला आहे ते बघा, छपाई आत की बाहेर. तीच सवय ठेवा. वर्षानुवर्षांचा बाक उलटा केला तर कडा काचेच्या दिशेने वळतात.

२) दोन्ही टोकांना किमान तीन वेढे होतील इतकी कोरी फिल्म जोडा. पडद्याचं स्वतःचं टोक नळीला कधीही चिकटवू नका. शेवटच्या नोंदीवर कुणीतरी हँडल जोरात फिरवणारच, आणि तेव्हा फाटायचं ते कोरं टोक फाटावं.

३) नळीवर लांबीभर सरळ पेन्सिलरेघ आखा. गुण्याने कोऱ्या टोकाची कड पडद्याच्या बाजूशी काटकोनात कापा आणि त्या रेघेवर बसवा. इथला १ मिलिमीटरचा तिरकेपणा वीस वेढ्यांनंतर डोळ्यांना दिसतो.

४) पहिल्या नोंदीच्या वरचं टोक वरच्या रोलरला, शेवटच्या नोंदीखालचं टोक खालच्या रोलरला. ऐकायला बाळबोध वाटतं, पण उलटं झालं की सगळी नावं डोक्यावर उभी राहतात.

५) पडदा दोन्ही रोलरच्या एकाच अंगाने निघाला पाहिजे, काचेच्या बाजूने तर दोन्हीकडे काचेच्या बाजूने. वर पुढून आणि खाली मागून निघाला तर तो खोक्यात तिरपा जातो आणि नावाचा खालचा अर्धा भाग धूसर दिसतो.

६) अख्खा पडदा आधी एका रोलरवर घट्ट गुंडाळून घ्या, मग रोलर खोक्यात बसवा. खोक्यात बसवून मग गुंडाळणं म्हणजे घड्यांना आमंत्रण.

## ७. ताण आणि ब्रेक

घरच्या खोक्याला दोन हँडलं ठेवा, प्रत्येक रोलरला एक. नियम एकच: फक्त ओढणारं हँडल फिरवायचं. पडदा वर न्यायचा तर वरचं, खाली आणायचा तर खालचं. सोडणाऱ्या बाजूला हात लावला की झोळ पडलाच.

ब्रेकसाठी प्रत्येक रोलरच्या टोकाला फेल्टचा वॉशर, त्यावर छोटी स्प्रिंग आणि नट. नट थोडा थोडा आवळत जा. हँडल सोडल्यावर पडदा जागच्या जागी थांबला आणि काचेसमोर सपाट राहिला की बस. बोटाने पडद्याच्या कोऱ्या भागावर हलकं टिचकी मारा. फडफडला तर ताण कमी, ढोलकीसारखा वाजला तर जास्त. तेल-ग्रीस या वॉशरच्या जवळपासही नको.

✔ तपासा: पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत असा तीनदा न्या, मात्र प्रत्येक वेळी तीन वेढे शिल्लक राहतील तिथेच थांबा. कडेपासून चकतीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टिकून आहे का पाहा. सरकत असेल तर ब्रेक आवळून उपयोग नाही, पाचव्या टप्प्यावर परत जा आणि कर्ण मोजा.

## ८. पाटी बरोबर जुळवा

बाजूच्या पाटीवर दोन्ही अंतिम स्थानकं एकदम दाखवायची पद्धत होती. डी, २०५ स्ट्रीट, कोनी आयलंड, असं. कुठल्या दिशेला जाणार ते तुम्ही कुठल्या फलाटावर उभे आहात त्यावरून कळायचं. त्यामुळे टोकाला पोचून गाडी उलटी निघाली तरी बाजूच्या पाट्या फिरवायची गरज नसे. गाडी दुसऱ्या मार्गावर गेली की मात्र प्रत्येक डब्यात, दोन्ही बाजूंना, हाताने. एकाच गाडीच्या दोन डब्यांवर दोन वेगळे मार्ग दिसायचे ते त्यामुळेच.

घरी जुळवताना लोक वर-खाली एकच स्थानक लावतात, किंवा जी नावं दिसायला छान ती. ए आणि कोनी आयलंड ही जोडी मी एका दिवाणखान्यात पाहिली आहे. यजमानांना काही बोललो नाही, पण चहा गोड लागला नाही. वापरायच्या जोड्या:

• ए: २०७ स्ट्रीट आणि फार रॉकअवे किंवा लेफर्ट्स बुलेव्हार्ड
• एफ: १७९ स्ट्रीट जमैका आणि कोनी आयलंड
• एल: आठवा ॲव्हेन्यू आणि रॉकअवे पार्कवे
• ४: वुडलॉन आणि युटिका ॲव्हेन्यू
• ६: पेल्हॅम बे पार्क आणि ब्रुकलिन ब्रिज

काही जोड्या वर्षावर ठरतात, दुसऱ्या टप्प्यात काढलेलं वय इथे कामाला येतं. ई ला जमैका सेंटर लावायचं तर पडदा डिसेंबर १९८८ नंतरचा हवा. एन आणि आर यांनी मे १९८७ मध्ये क्वीन्समधली टोकं अदलाबदल केली: एन अस्टोरियाला गेली, आर ७१-कॉन्टिनेंटलला. दुहेरी आरआरच्या पडद्याशेजारी म्हणूनच अस्टोरिया शोभतं, कॉन्टिनेंटल नाही. ७ चं मॅनहॅटनमधलं टोक सप्टेंबर २०१५ पर्यंत टाइम्स स्क्वेअर होतं, नंतर ३४ स्ट्रीट-हडसन यार्ड्स.

नाव लावताना यादीतल्या अंतराच्या थोडं पुढे न्या आणि मग परत मागे या, म्हणजे पडद्याचा शेवटचा ताण दर वेळी एकाच बाजूचा राहतो आणि नाव खिडकीच्या मधोमध थांबतं.

यादीची एक प्रत खोक्याच्या मागच्या झाकणाच्या आत चिकटवा. महिन्याभराने नाव बदलत जा. एकच नोंद उजेडासमोर ठेवली तर तेवढाच गोल फिका पडतो, आणि शेजारच्या नोंदीपाशी गेल्यावरच ते लक्षात येतं.